सावल्यांचं कौतुक झालं, आता लिहिणाऱ्यांचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'नॉयर' चित्रपटांवर, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी चित्रपटांवर, पानभर लेख आला. छायाचित्रं सुरेख होती : ओला रस्ता, दिव्याच्या खांबाखाली हॅटवाला माणूस, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या चेहऱ्यावर झेलणारी बाई. लेखही वाचनीय होता. मात्र त्या अख्ख्या पानावर छायाचित्रकारांची नावं होती, दिग्दर्शकांची होती, नटनट्यांची तर होतीच. ज्यांनी ही माणसं आणि त्यांच्या भानगडी आधी कागदावर उतरवल्या त्या लेखकांपैकी एकाचंही नाव नव्हतं. हिंदी चित्रपटांचा निकाल तर एका वाक्यात लावला होता : आपण हॉलिवूडच्या सावल्या उचलल्या. या दोन्हींवर मला हरकत घ्यायची आहे.

हरकत घेण्याचाच पगार मी घेत असे. इंदुरात आयुर्विम्याच्या क्लेम खात्यात माझी नोकरी झाली. पॉलिसी काढून दोन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला की त्याची फाइल 'अर्ली क्लेम' म्हणून वेगळी निघायची. मग प्रपोझल फॉर्म, डॉक्टरचा दाखला, अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, सगळे कागद एकमेकांशी ताडून बघायचे. अपघाती मृत्यू ठरला आणि पॉलिसीत तशी सोय असली तर नॉमिनीला दुप्पट रक्कम. बहुतेक फायली निखळ दुःखाच्या असत, हेही इथेच सांगून टाकतो. विम्यासाठी खून करणारी माणसं सिनेमात जास्त भेटतात. पण 'मूळ कागद कुठे आहे?' असं विचारायची खोड लागली ती लागलीच. आपला लेख वाचतानाही मी मूळ कागदच शोधत होतो.

'डबल इन्डेम्निटी'च्या (१९४४) वाट्याला त्या लेखात दोन ओळी आल्या, त्याही खिडकीच्या पट्ट्यांवर. जॉन साइट्झ यांचं छायाचित्रण थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी नजर मात्र दर वेळी बार्टन कीजवर जाते. कीज म्हणजे विमा कंपनीचा क्लेम मॅनेजर, एडवर्ड जी. रॉबिन्सनने उभा केलेला. बुटका, तोंडात चिरूट, आणि खिशात काडेपेटी कधीच नाही. कंपनीचा साहेब ऐटीत सांगतो की, रेल्वेगाडीतून पडून मेलेल्या या माणसाने आत्महत्या केली आहे, तेव्हा पैसे द्यायचा प्रश्न येत नाही. त्यावर कीज आत्महत्यांची कोष्टकं घडाघडा म्हणून दाखवतो. वंशानुसार किती, धंद्यानुसार किती, कुठल्या ऋतूत किती. विष घेणारे किती आणि कुठलं विष. उडी मारणारे किती आणि कुठून. एवढं झाल्यावर विचारतो की, इतक्या मंद चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून जीव द्यायला कोणी उडी मारल्याची एक तरी नोंद दाखवा. साहेब गप्प. पण खरी नस कीजला नंतर सापडते. मयताचा पाय आधीच मोडलेला होता आणि अपघाताचा विमाही होता. मग पाय मोडल्याबद्दल त्याने क्लेम का केला नाही? कारण आपल्या नावावर अशी पॉलिसी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. सही कोणी केली, हप्ता कोणी भरला, आणि ज्याने पैसे मागायला हवे होते त्याने ते का मागितले नाहीत, एवढ्या तीन प्रश्नांवर आमचं खातं चाले. पोलिसांचा तपास दाखवणारे चित्रपट मी ढीगभर पाहिले आहेत. कागदांचा तपास इतका रंगवणारा दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं बिली वाइल्डर या दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालं का? मूळ कागद जेम्स एम. केन या लेखकाकडे आहे. केन मुळात वर्तमानपत्रवाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९२७ मध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने जड ग्रे या कॉर्सेट विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या मदतीने नवऱ्याला मारलं. नवऱ्याच्या नावावर तिने अपघाताला दुप्पट भरपाई देणारी पॉलिसी काढून ठेवलेली होती. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं. एका बातमीदाराने घोट्याला लपवून बांधलेल्या कॅमेऱ्याने त्या क्षणाचं छायाचित्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर छापून आलं. त्या खटल्यातून केनने १९३६ मध्ये एका साप्ताहिकासाठी क्रमशः कथा लिहिली. हॉलिवूडच्या नीतिनियमांच्या कचेरीने नाकं मुरडल्यामुळे ती कित्येक वर्षं पडद्यावर येऊ शकली नाही. अखेर वाइल्डरने हात घातला आणि पटकथेसाठी जोडीला आणलं रेमंड चँडलरला, म्हणजे दुसऱ्या एका रहस्यकथाकारालाच. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटलं नाही. तरी चँडलरने एक गोष्ट वाइल्डरच्या गळी उतरवली : केनचे संवाद कागदावर झक्क दिसतात, पण नट ते बोलायला लागले की ठेच लागते. ते डोळ्यांसाठी लिहिलेले होते, कानांसाठी नव्हते. मग चँडलरने कानांसाठी लिहिले. त्या चित्रपटात कीजच्या केबिनबाहेर खुर्चीवर बसून काहीतरी वाचत असलेला एक माणूस काही सेकंद दिसतो, तो स्वतः चँडलर. पट्ट्यांच्या सावल्या मोजणाऱ्यांनी त्यालाही एकदा बघून घ्यावं.

आणि संपूर्ण चित्रपट कसा सांगितला आहे? गुन्हेगार रात्री रिकाम्या ऑफिसात येतो, डिक्टाफोन, म्हणजे आवाज टिपून ठेवणारं यंत्र, सुरू करतो आणि कबुलीजबाब देतो, तोही कीजच्या नावाने ऑफिस मेमो म्हणून. पुढे जे जे पडद्यावर दिसतं ते त्याच्या आवाजावर चालतं. काळोखाचं कौतुक करताना नेमकं हे निसटतं. नॉयर चित्रपटांचा कणा म्हणजे तो प्रथमपुरुषी आवाज. सगळं बिघडून गेल्यावर मागे वळून बोलणारा, स्वतःचीही भीड न ठेवणारा. तो आवाज छापील पानावरून आला. पुढे १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये वाइल्डरने तो पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या प्रेताला दिला. १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये, भविष्यातल्या लॉस एंजेलिसमध्ये यंत्रमानव पकडणाऱ्या पोलिसाच्या तोंडीही निर्मात्यांनी तोच आवाज घातला, आणि दिग्दर्शकाने पुढे आपल्या आवृत्तीतून तो काढून टाकला. माझ्या मते काढला ते बरं केलं. आवाज उसना होता, हे ऐकताक्षणी कळत होतं.

या आवाजाचा जन्म 'ब्लॅक मास्क' नावाच्या स्वस्त मासिकातला. १९२० मध्ये ते सुरू केलं एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी, आपल्या उच्चभ्रू मासिकाला पैसा मिळावा म्हणून. हलका कागद, भडक मुखपृष्ठ, आणि लेखकाला मोबदला शब्दांवर. तिथे डॅशियल हॅमेट लिहायचा. हा माणूस आधी पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत खरोखरच नोकरीला होता. त्याचा पहिला नायक त्या जातीचाच : जाडसर, मध्यमवयीन, नाव नसलेला, कंपनीला रोजच्या कामाचा अहवाल लिहिणारा नोकर. शेरलॉक होम्ससारखं व्हायोलिन नाही, वेषांतर नाही. संपादक जोसेफ शॉ यांनी १९२६ नंतर तेच वळण मासिकाला लावलं. चँडलर त्याच अंकांवर लिहायला शिकला. तेलकंपनीतली मोठ्या पगाराची नोकरी त्याने १९३२ मध्ये दारूपायी घालवली होती, वय चव्वेचाळीस. पहिली गोष्ट १९३३ च्या शेवटी छापून आली, पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' १९३९ मध्ये. चाळिशी ओलांडल्यावर लिहिता हात लागलेल्या या माणसाबद्दल मला विशेष माया आहे, कारण सांगत नाही.

हॅमेटची 'द मॉल्टीज फाल्कन' (१९३०) ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल, त्या पुस्तकात नायकाच्या मनात काय चाललंय हे लेखक एकदाही सांगत नाही. फक्त दिसतं ते आणि ऐकू येतं ते. भागीदाराच्या खुनाचा फोन रात्री येतो आणि पुढे सॅम स्पेड सिगारेट कशी वळतो, तंबाखू किती घेतो, कागद कसा दुमडतो, कडेला जीभ कशी लावतो, याचं जवळून वर्णन. बस्स. दुःख, राग, सुटकेचा श्वास, काय समजायचं ते तुम्ही समजा. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने १९४१ मध्ये आपला पहिला चित्रपट म्हणून तीच कादंबरी घेतली. त्याआधी दहा वर्षांत ती दोनदा पडद्यावर येऊन गेली होती, आणि आज ते दोन चित्रपट अभ्यासकांखेरीज कोणी काढून बघत नाही. ह्यूस्टनने पुस्तकातले संवाद बहुतांशी जसेच्या तसे ठेवले आणि हम्फ्री बोगार्टला उभं केलं. कॅमेरा हॅमेटच्या वाक्यांमध्ये आधीच होता, त्याला फक्त भिंग बसवायचं बाकी होतं.

चँडलरचं उलटं. त्याच्या गोष्टींचे धागे हिशेबाला बसत नाहीत. 'द बिग स्लीप'चं चित्रीकरण चालू असताना (चित्रपट आला १९४६ मध्ये, पटकथेत विल्यम फॉकनर आणि ली ब्रॅकेट) प्रश्न पडला की, गाडीसकट समुद्रात सापडलेल्या त्या ड्रायव्हरला मारलं कोणी? लेखकालाच विचारलं. त्याने कळवलं की, मलाही माहीत नाही. आमच्या खात्यात एवढा एक मृत्यू असा मोकळा सुटला असता तर ऑडिटवाल्यांनी पेन्शन अडवली असती. पण वाचकाला त्याचं काही वाटत नाही, प्रेक्षकालाही वाटलं नाही. चँडलरकडे माणूस खून कोणी केला हे कळायला जात नाही, त्याचा गुप्तहेर फिलिप मार्लो याच्या तोंडून लॉस एंजेलिस शहर ऐकायला जातो. बंगले, जुगारअड्डे, विकले गेलेले पोलीस, आणि या सगळ्यांतून रोजंदारीवर हिंडणारा, पैशांची नड असूनही चुकीच्या माणसाचे पैसे परत करणारा एक जण.

आता आपल्याकडच्या सावल्या. त्या हॉलिवूडहून उचलल्या हे विधान मला मान्य नाही. ज्या जर्मन शैलीतून हॉलिवूडचा काळोख आला, फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिऑडमाक वगैरे हिटलरच्या भीतीने तिकडे गेलेल्या मंडळींबरोबर, ती शैली मुंबईत थेट पोचलेली होती. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हे दोघे जर्मनीहून आले. महायुद्धात विर्शिंगला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इथेच स्थानबद्ध केलं होतं. सुटल्यावर तो परत कामाला लागला आणि १९४९ मध्ये त्याने कमाल अमरोहींचा 'महल' टिपला. रिकामी हवेली, हलणारं झुंबर, झोपाळ्यावरची मधुबाला, आणि 'आयेगा आनेवाला' म्हणणारी आमच्या इंदुरात जन्मलेली लता. भूत शेवटी भूत निघत नाही, माळ्याची मुलगी निघते. अशोककुमारचं गुरफटत जाणं बघा : ज्या बाईच्या मागे जाऊ नये तिच्याच मागे जाणारा पुरुष. आणि जर्मन नजरेचं म्हणाल तर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंदुरात यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसिउस हा बर्लिनचा वास्तुकार माणिकबाग महाल उभारत होता. तिथल्या सरळ रेषा आणि काचा पाहिल्या की 'जर्मनीचं सगळं आपल्याला अमेरिकेमार्फत मिळालं' असं निदान इंदूरकराने तरी म्हणू नये.

तेव्हा दिवे आपल्याकडे वेळेवर आले. यायला उशीर झाला तो माणसाला. सॅम स्पेड, मार्लो, केनच्या कथांतल्या बायका, यांना आपल्या पडद्यावर जागा मिळेना.

'बाजी' घ्या, १९५१ चा. गुरुदत्तचं पहिलं दिग्दर्शन, लेखन बलराज साहनींचं. क्लब, धूर, पत्ते, तिरप्या टोपीतला देव आनंद, सगळं आहे. पण तो जुगार खेळतो आजारी बहिणीसाठी. क्लबातली नर्तकी गीता बाली वाईट वाटेवरची असली तरी मनाने सोन्याची, ती नायकावरची गोळी स्वतः झेलते. स्पेड काय करतो? जिच्यात जीव गुंतला आहे असं स्वतःच म्हणतो तिला पोलिसांच्या हवाली करतो, कारण तिने त्याच्या भागीदाराला मारलं आहे. आणि त्या भागीदाराबद्दल त्याला प्रेमही नव्हतं, उलट त्याच्या बायकोशी याचं प्रकरण होतं. हा हिशेब आपल्याकडे पचण्यासारखाच नव्हता. 'सीआयडी'त (१९५६) वहिदा रहमान कारस्थानी बाई म्हणून येते आणि शेवटी पालटून इन्स्पेक्टरच्या बाजूला जाते. (त्यात पहिला खून वर्तमानपत्राच्या संपादकाचा होतो. आपण काळजी घ्यावी.)

'सीआयडी'चे दिग्दर्शक राज खोसला गुरुदत्तच्या हाताखाली तयार झालेले. त्यांचा पुढचा प्रवास माझ्या म्हणण्याला सर्वांत चांगला पुरावा आहे. मोहात पाडणारी, घात करणारी आणि तरीही हवीशी वाटणारी, अशी एकच बाई त्यांना दाखवायची होती, पण प्रेक्षक ती एका देहात स्वीकारीना. मग त्यांनी तिची दोन माणसं केली. 'वह कौन थी'मध्ये (१९६४) जुळ्या बहिणी. 'मेरा साया'मध्ये (१९६६) पुन्हा जुळ्या. आणि 'मेरा साया' कुठून आला? आपल्या मराठीतून. राजा परांजपे यांचा 'पाठलाग', १९६४, मूळ कादंबरी जयंत देवकुळे यांची. डॉ. काशिनाथ घाणेकर, न्यायालय, पत्नी म्हणून उभी राहिलेली एक अनोळखी आरोपी, आणि 'या डोळ्यांची दोन पाखरे'. आपल्या लेखात 'मेरा साया'चा उल्लेख आहे, 'पाठलाग'चा नाही. मराठी वर्तमानपत्रात हे व्हावं! देवकुळ्यांचं नाव तर 'मेरा साया' डोक्यावर घेणाऱ्या इंदूरच्या रसिकांनीही कधी घेतलेलं मी ऐकलं नाही.

'कटी पतंग'ची कथाही तीच. गुलशन नंदांच्या कादंबरीवरचा चित्रपट म्हणून आपण तो ओळखतो. पण रेल्वे अपघातात मेलेल्या बाईच्या नावाने, तान्हं मूल घेऊन तिच्या सासरी शिरणारी बाई, हा सांगाडा कॉर्नेल वुलरिचच्या १९४८ च्या कादंबरीचा आहे. वुलरिच म्हणजे आयुष्याची कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या हॉटेलात आईबरोबर राहिलेला, माणसांना बिचकणारा लेखक. त्याच्या एका गोष्टीवर हिचकॉकने 'रिअर विंडो' (१९५४) केला, दोन कादंबऱ्यांवर फ्रान्सच्या त्रुफोने चित्रपट केले. आणि आपण त्याच्या भीतीला शाल पांघरून घरात आणलं, सासूसासऱ्यांच्या पायाशी बसवलं, वर राजेश खन्नाची गाणी दिली. उत्तम गाणी, हे खरंच.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या पिढीला रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेला माणूस. पण त्यांचे धनंजय आणि छोटू होम्स-वॉटसनच्या घराण्यातले, आणि काळा पहाड दुष्टांना लुटणारा. त्यांच्या जगात गुन्हा बाहेरून येतो आणि शेवटच्या पानावर निघून जातो. हॅमेटच्या जगात गुन्हा गावाच्या नळाला येतो. शिवाय पन्नाशीच्या दशकात देश नवा होता, पोलीस अधिकारी विकला गेलेला दाखवायची ना सेन्सॉरची तयारी, ना आपली. फक्त एका जागी, 'सीआयडी'तच, आपलं शहर चँडलरच्या सुरात बोललं, आणि तेही नायकाच्या तोंडून नाही. 'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ' पडद्यावर म्हणतो तो पाकीटमार. ते काम केलं बद्रुद्दीन काझी ऊर्फ जॉनी वॉकरने, मुंबईत बसकंडक्टरी केलेल्या आमच्या इंदुरी माणसाने. मजरूहच्या त्या ओळी नीट ऐका, आख्ख्या मुंबईचा पंचनामा आहे. एका खिसेकापूने केलेला, म्हणून सेन्सॉरच्या नजरेतून सुटला असावा.

कच्चा माल नव्हता असंही नाही. इंदूरकरांना बावला प्रकरण सांगायला नको, नव्या वाचकांसाठी सांगतो. १२ जानेवारी १९२५, मुंबईचा मलबार हिल. इंदूर दरबार सोडून गेलेली मुमताज बेगम आणि अब्दुल कादर बावला हा श्रीमंत व्यापारी मोटारीने चालले होते. दुसरी मोटार आडवी आली. बावला गोळीने मेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोचले, त्यातला एक तर गोल्फची काठी घेऊनच तुटून पडला, म्हणून ती वाचली. पकडलेल्यांचे धागे इंदुराकडे निघाले, आरोपींच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले, आणि सरकारने चौकशी आयोग किंवा गादी सोडणं असे दोन पर्याय ठेवल्यावर इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. यात काय नाही? पैसा, सत्ता, रात्रीचा रस्ता, पळालेली बाई, आणि जिथपर्यंत कायदा पोचत नाही असं एक दार. रूथ स्नायडरच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. १९२५ मध्येच होमी मास्टर यांनी त्यावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. म्हणजे आपला सिनेमा तेव्हा अमेरिकेच्या मागे नव्हता. कमी पडला तो केन. त्या खटल्याच्या कागदांवर बसून कादंबरी लिहिणारा.

माणूस उशिरा का होईना, आला. आणि मला वाटतं, तो आमच्या इंदूरच्या खजूरी बाजाराच्या वाटेने आला. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत आणि स्टेशनावरच्या स्टॉलवर जेम्स हॅडली चेस हमखास मिळायचा. मुखपृष्ठावरच्या बाईमुळे तो घरी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचावा लागे. (त्या कामी आपल्याच वर्तमानपत्राचा उपयोग झाला आहे.) चेस इंग्रज, अमेरिकेची बोली शब्दकोशांतून शिकून लिहिणारा, म्हणजे उसन्या मालाचा व्यापारी. चँडलरपुढे तो काहीच नाही, पण अमेरिकन गुन्हेगारी कथेचा वेग भारतात त्यानेच घरोघरी नेला. श्रीराम राघवन यांच्या 'जॉनी गद्दार'च्या (२००७) सुरुवातीला विजय आनंद यांच्याबरोबर चेसला अर्पणपत्रिका आहे. स्वस्त पुस्तकाचं ऋण इतक्या उघडपणे मान्य करणारा हिंदी चित्रपट मला दुसरा आठवत नाही. आणि त्यातला नायक? त्याच्या घरी कोणी आजारी नाही. पैसे हवे आहेत, बाई हवी आहे, म्हणून तो साथीदारांना एकेक करून मारतो.

त्याच वर्षी नवदीप सिंग यांचा 'मनोरमा सिक्स फीट अंडर' आला, आपल्या लेखात नसलेला. तो बेतला आहे 'चायनाटाउन'वर (१९७४). 'चायनाटाउन'ची पटकथा रॉबर्ट टाउनची. लॉस एंजेलिसने दूरच्या खोऱ्यातलं पाणी कसं ओढून आणलं त्या इतिहासावर रचलेली, आणि हॅमेट-चँडलर कोळून प्यायलेली. नर्मदेचं पाणी जलूदहून इंदुराला येण्याआधीची टंचाई ज्यांनी पाहिली त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. 'मनोरमा'त हे पाणी राजस्थानच्या कोरड्या गावात, कालव्याच्या वायद्यांत जातं. नायक बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता, लाच घेताना सापडून निलंबित झालेला, आणि फावल्या वेळात न खपणारी रहस्यकादंबरी लिहिलेला. हॅट नाही, रेनकोट नाही, पाऊस तर नाहीच. भर उन्हातला चित्रपट. तरीही आपल्या लेखातल्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा तो हॅमेटला जवळचा आहे, कारण त्यातला माणूस बरोबर आहे. मराठीत निखिल महाजन यांच्या 'पुणे ५२'मध्ये (२०१३) गिरीश कुलकर्णी घटस्फोटांच्या कज्ज्यांसाठी चोरून फोटो काढणारा खाजगी गुप्तहेर होतो. घरात बायकोशी पैशांवरून कटकट, हातात फुटकळ कामं. ब्याण्णवच्या सुमाराचं पुणं. शेवटाकडे चित्रपट माझ्या हातून निसटला, ते राहू दे. मार्लो मराठीत घरभाड्याची चिंता करताना बघायला मिळाला, यावर मी खूश आहे.

माझी विनंती अशी. पुरवणीत चित्रपटावर लेख येईल तेव्हा चौकटीत दिग्दर्शक, कलाकार, छायाचित्रकार यांच्याबरोबर मूळ कथेच्या लेखकाचंही नाव छापावं, आणि मराठी कादंबरी असेल तर नक्कीच. शक्य झालं तर एखाद्या रविवारी अर्नाळकरांवर आणि सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन या मंडळींवर पान काढावं. शिरवळकर फक्त 'दुनियादारी'चे नव्हेत. जयंत देवकुळे यांची मूळ कादंबरी 'आशा परत येते' कोणा वाचकाकडे असेल तर आपल्या कार्यालयामार्फत जरूर कळवावं, झेरॉक्सचा खर्च मी देईन.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावायची झाल्यास माणिकबागेपासून सुरुवात करावी, मग 'ब्लेड रनर'. कीज आणि त्याची कोष्टकं मात्र राहू द्यावीत. आमच्या खात्यातले जुने सहकारी आपलं वर्तमानपत्र वाचतात.

आपला,
क्लेम खात्यातला एक निवृत्त कर्मचारी
स्नेहलतागंज, इंदूर